मालक बेपत्ता, हक्क शाबूत

बाजारातून उठलेल्या वस्तूची चोरी होऊ शकते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी एखाद्या वक्तृत्व मंडळाला शोभणारा वाटतो. परंतु संगणकाच्या बाबतीत तो आज कितीतरी कार्यालयांत, छपाईच्या व्यवसायात आणि महाविद्यालयांत उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर न शोधताच काम पुढे रेटले जाते. एखाद्या कंपनीने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर विकले; पुढे विक्री थांबवली, मग दुरुस्ती आणि मदतही थांबवली; कित्येकदा ती कंपनीच नाहीशी झाली. ते सॉफ्टवेअर मात्र कोणीतरी जपून ठेवले आणि आज ते एक पैसाही न देता कोणालाही मिळू शकते. इंग्रजीत अशा मालाला ‘अ‍ॅबंडनवेअर’ असे नाव पडले आहे. आपण त्याला सोडून दिलेले सॉफ्टवेअर म्हणू. या नावातच एक निवाडा दडलेला आहे: मालकाने टाकून दिले, तेव्हा उचलणाऱ्याचा दोष नाही.

हा निवाडा कायद्याला मान्य आहे काय, हा एक प्रश्न. तो मान्य असावयास हवा काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत केल्यामुळे एकीकडे सर्रास बेकायदा वापर होतो आणि दुसरीकडे कायद्यातील खरी उणीव झाकली जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, काही मर्यादा घालून, ‘होय’ असे दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वर्डस्टारचे धनी कोण?

ज्यांनी १९८० च्या दशकात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत संगणकाच्या शिकवणी वर्गाची पायरी चढली, त्यांना ‘वर्डस्टार’ हे नाव विसरता येणार नाही. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही त्या काळच्या अभ्यासक्रमाची चतुःसूत्रीच होती. कॅलिफोर्नियातील मायक्रोप्रो या कंपनीने १९७८ मध्ये वर्डस्टार बाजारात आणले. सेमूर रुबिन्स्टाइन हे कंपनीचे संस्थापक आणि रॉब बार्नबी हे या आज्ञावलीचे कर्ते. काही वर्षे लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे जवळजवळ साम्राज्य होते. डॉसवर चालणारी तिची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे सातवी, १९९० च्या दशकाच्या आरंभीची. त्यानंतर खिडक्यांच्या नव्या पद्धतीपुढे ती टिकली नाही.

पुढची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९९४ मध्ये वर्डस्टारची कंपनी सॉफ्टकी या कंपनीत विलीन झाली. सॉफ्टकीने पुढे ‘द लर्निंग कंपनी’ विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. १९९९ मध्ये बाहुल्या आणि खेळणी विकणाऱ्या मॅटेल कंपनीने ती खरेदी केली आणि हा व्यवहार तिच्या अंगाशी आला. पुढच्याच वर्षी मॅटेलने ती एका गुंतवणूक संस्थेच्या गळ्यात बांधली. २००२ मध्ये रिव्हरडीप ही आयरिश शैक्षणिक कंपनी पुढे आली आणि २००६ मध्ये तिने हॉटन मिफ्लिन ही जुनी अमेरिकी पुस्तक प्रकाशन संस्था घेतली. या साखळीत वर्डस्टारचा हक्क नेमका कोणत्या कपाटात जाऊन पडला असेल, याचा शोध घेण्यात आज कोणाचाच आर्थिक लाभ नाही. ज्याच्या कपाटात तो असेल, त्यालाही तो आपल्याकडे आहे याची कदाचित जाणीव नसेल.

वापरणारे मात्र होतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉबर्ट सॉयर या कॅनडातील विज्ञानकथालेखकाने वर्डस्टारची सातवी आवृत्ती, तिच्या साऱ्या पुस्तिकांसह, कोणालाही विनामूल्य घेता येईल अशी उपलब्ध करून दिली. हे सॉफ्टवेअर कधीच सोडून दिले गेले आहे, अशी त्यांची भूमिका. आपली कथा-कादंबरी आजही वर्डस्टारवरच लिहिणाऱ्या या लेखकाने जे केले ते सांस्कृतिक दृष्ट्या उपकारक आहे, यात शंका नाही. पण ते कायदेशीर आहे काय?

मौन म्हणजे त्याग नव्हे

अमेरिकी कायद्याप्रमाणे कंपनीच्या नोकरांनी कंपनीसाठी केलेल्या कृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १९७८ चे वर्डस्टार २०७३ अखेर मुक्त होईल. म्हणजे ज्या वस्तूचे बाजारातील आयुष्य जेमतेम पंधरा वर्षांचे, तिच्यावरील मक्तेदारी जवळजवळ एका शतकाची. आपल्याकडील स्थिती फारशी निराळी नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकाच्या आज्ञावलीला ‘साहित्यकृती’चा दर्जा मिळाला, आणि साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असते. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असताना ती वाढवली गेली. कवितेसाठी हे माप योग्य की अयोग्य याचा वाद होऊ शकेल. पण विक्रीकर मोजणाऱ्या आज्ञावलीला महाकवीचे माप लावणे हा तर निव्वळ वर्गीकरणाचा विनोद आहे.

मग मालकाने विक्री बंद केली तर? कायद्याच्या २१ व्या कलमात हक्क सोडून देण्याची रीत सांगितलेली आहे. मालकाने कॉपीराइट निबंधकाकडे विहित नमुन्यात सूचना द्यावी किंवा जाहीर सूचना द्यावी. याचाच अर्थ असा की, नुसते गप्प बसणे, दुकान बंद करणे, पत्रांना उत्तर न देणे, यांपैकी कशालाही कायदा त्याग मानत नाही. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने ‘ते कोणी विकतच नाही’ असे म्हणणे हे समर्थन ठरू शकत नाही. उलट ६३-ब या कलमाप्रमाणे अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर विशेष कारणे नोंदवून कैद टाळता येते, एवढीच काय ती सवलत.

येथे एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. ज्याने पूर्वी रीतसर प्रत विकत घेतली, त्याचा अधिकार मालकाने विक्री थांबवल्यामुळे संपत नाही, कारण विक्री थांबवणे म्हणजे दिलेली परवानगी मागे घेणे नव्हे. ज्या कामासाठी ती प्रत दिली त्या कामासाठी ती वापरणे, नाश होऊ नये म्हणून तिची सुरक्षित नक्कल ठेवणे, वैध मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या बिगरव्यापारी उपयोगासाठी नक्कल करणे, या गोष्टींना ५२ वे कलम मोकळीक देते. तेव्हा कपाटातील जुनी चकती आणि तिची पावती हे केरात टाकण्याचे कागद नव्हेत, तो पुरावा आहे.

तसेच काही कंपन्यांनी आपण होऊन दार उघडले आहे. बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल आणि टर्बो सी यांच्या काही जुन्या आवृत्त्या पुराणवस्तू म्हणून विनामूल्य दिल्या. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयामार्फत अभ्यासासाठी दिली, २०१८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आणली आणि २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीचीही तिच्यात भर घातली. पण ही उदाहरणे नियम सिद्ध करतात, अपवाद नव्हे: मुक्ती मिळाली ती मालकाच्या शब्दाने, काळाच्या ओघाने नव्हे. शिवाय एका आवृत्तीची परवानगी दुसरीला लागू पडत नाही. आपल्याकडील महाविद्यालयांत टर्बो सी++ चा निळा पडदा वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांपुढे राहिला. त्यांतील कोणती आवृत्ती मोफत दिलेली होती आणि कोणती नव्हती, हा प्रश्न किती प्रयोगशाळांत विचारला गेला असेल? ‘सर, जे कोणी विकतच नाही त्याची चोरी झाली तर नुकसान कोणाचे?’ असे माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले होते. हा प्रश्न कायद्याचा नाही, अर्थशास्त्राचा आहे. आणि त्याला उडवून लावता येणार नाही.

मराठी ग्रंथांच्या बंद पेट्या

हा प्रश्न परक्या देशातील हौशी लोकांचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपल्याच प्रकाशन व्यवसायाकडे पाहावे. खिळे जुळवण्याचा काळ संपून डीटीपी आले, तेव्हापासून मराठी पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या जुळणीत पेजमेकर या सॉफ्टवेअरचा वाटा फार मोठा होता. अमेरिकेतील आल्डस कंपनीने ते १९८५ मध्ये काढले, १९९४ मध्ये अडोबी कंपनीने आल्डस घेतली आणि २००१ मध्ये सातवी आवृत्ती निघाली. ती शेवटचीच ठरली. अडोबीने पुढे इनडिझाइन हे नवे सॉफ्टवेअर पुढे केले. त्याच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडीत. आजच्या आवृत्त्या उघडत नाहीत.

येथे मालक बेपत्ता नाही. तो सुस्थितीत आहे, त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे. पण तो माल विकत नाही. मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या मराठी टंकांत प्रत्येक अक्षरखंड रोमन लिपीच्या एखाद्या जागेवर बसवलेला असे, आणि ही बसवण्याची रीत दर टंकागणिक वेगळी. फाईल आहे, पण ते टंक आणि ते सॉफ्टवेअर नाही, अशा स्थितीत पडद्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा. त्यातच भारतीय भाषांच्या पुष्कळशा सॉफ्टवेअरांना डोंगल नावाचे कुलूप असे. ते संगणकाला जोडल्याखेरीज काम सुरू होत नसे. डोंगल बिघडले आणि विकणारा धंद्यातून उठला, की पैसे मोजून घेतलेली वस्तूही मुकी होते.

परिणाम असा की, ज्या ग्रंथाचा लेखक आपला, प्रकाशक आपला, कागद आणि शाई आपली, त्या ग्रंथाची जुळवलेली संहिता उघडण्याचा मार्ग तिसऱ्याच कोणाच्या मौनामुळे अडलेला आहे. पुनर्मुद्रणासाठी तेच पुस्तक पुन्हा टंकित करावे लागते, पुन्हा मुद्रिते तपासावी लागतात. मोठ्या प्रकाशकाला हा खर्च झेपतो. तालुक्याच्या गावातील लहान प्रकाशकाला, साहित्य संस्थेच्या त्रैमासिकाला तो झेपत नाही, आणि पुस्तक दुर्मिळ होऊन बसते. हीच गत फॉक्सप्रोवर लिहिलेल्या जुन्या हिशेबांची. मायक्रोसॉफ्टने त्याची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि २०१५ च्या आरंभी मदतही थांबवली. एखाद्या पतसंस्थेची किंवा कारखान्याची वीस वर्षांची नोंद अशा आज्ञावलीत अडकलेली असू शकते.

अर्थशास्त्र काय सांगते

स्वामित्वहक्क ही निसर्गदत्त मालमत्ता नव्हे. ती समाजाने एका हेतूने निर्माण केलेली मर्यादित मक्तेदारी आहे. नवे लिहिणाऱ्याला, नवे शोधणाऱ्याला श्रमाचा मोबदला मिळावा म्हणून वाचकाने काही काळ अधिक किंमत मोजावी, असा हा करार. मेकॉलेने १८४१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बोलताना या हक्काचे वर्णन लेखकाला उत्तेजन देण्यासाठी वाचकावर बसवलेला कर अशा आशयाने केले होते, ते यथार्थच आहे.

आता सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरला हे माप लावून पाहा. मालक विक्री करत नाही, म्हणजे कराचे उत्पन्न शून्य आहे. आणखी एक प्रत काढण्याचा खर्चही जवळजवळ शून्य आहे. वापरणाऱ्याला होणारा लाभ मात्र शून्य नाही. ज्या बंदीमुळे कोणाच्याच खिशात काही पडत नाही आणि कोणाच्या तरी हातून काही जाते, तिला आमच्या शास्त्रात निव्वळ सामाजिक हानी म्हणतात. कोणी म्हणेल की, दूरच्या भविष्यातील कमाईची आशाही निर्मात्याला उत्तेजन देते. पण ऐंशी वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत व्याजाच्या हिशेबाने काढली तर ती काही पैशांवर येते. अमेरिकेत १९९८ मध्ये हक्काची मुदत वीस वर्षांनी वाढवली गेली. तिला आव्हान देणाऱ्या खटल्यात मिल्टन फ्रीडमन, केनेथ अ‍ॅरो, रोनाल्ड कोस यांच्यासह सतरा अर्थशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे नेमके हेच गणित मांडले होते. एरवी एकमेकांशी क्वचितच सहमत होणारी ही मंडळी या मुद्द्यावर एकत्र आली, हे लक्षणीय आहे. २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, कारण मुदत ठरवणे हा कायदेमंडळाचा अधिकार आहे असे न्यायालयाने मानले. पण त्यामुळे गणित चुकीचे ठरत नाही.

पडीत जमिनीचा न्याय

हक्क वापरला नाही तर तो क्षीण होतो, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. किंबहुना इतर बहुतेक मालमत्तांच्या बाबतीत ते मान्य आहे. पेटंटची मुदत २० वर्षांची, आणि नूतनीकरणाचे शुल्क भरले नाही तर ते त्यापूर्वीच लोप पावते. पेटंट दिल्यानंतर तीन वर्षांनी, ती वस्तू देशात पुरेशी व परवडेल अशा किमतीत मिळत नसेल, तर दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो. २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधाबाबत भारताने तसा परवाना दिलाही. व्यापारचिन्ह सलग पाच वर्षे वापरले नाही तर ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. खाजगी जमिनीवर दुसऱ्याचा उघड कब्जा १२ वर्षे राहिला आणि मालकाने दाद मागितली नाही, तर मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावाच संपतो.

महाराष्ट्राला तर हा न्याय अधिकच परिचयाचा असावा. १९४८ च्या कूळकायद्याने, पडीत राहिलेल्या जमिनीचे व्यवस्थापन चौकशीअंती शासनाने आपल्या हाती घ्यावे अशी तरतूद केली. त्याच कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. दोन महिन्यांनी, त्याच वर्षी, आपला कॉपीराइट कायदा संमत झाला. एका कायद्याने गैरहजर जमीनदाराला विचारले, ‘तू ही जमीन कसतोस काय?’ दुसऱ्याने गैरहजर हक्कदाराला असा प्रश्न विचारण्याचे टाळले. दोन्ही मालमत्ता एक नव्हेत हे खरे. जमीन एकालाच कसता येते. सॉफ्टवेअर हजारांनी वापरले तरी झिजत नाही. पण या फरकामुळे सॉफ्टवेअरच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा होत नाही, अधिक सबळ होतो.

कॉपीराइट कायद्यात या तत्त्वाची चाहूल अगदीच नाही असेही नव्हे. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी काढता येतात. पण त्या कलमात पुस्तक, पुस्तिका, स्वरलिपीचे पान, नकाशा, आराखडा यांचा उल्लेख आहे, आज्ञावलीचा नाही. ३१-अ या कलमात २०१२ च्या दुरुस्तीनंतर, हक्काचा मालक सापडत नसेल तर प्रकाशनाचा परवाना मागण्याची सोय झाली. पण त्यासाठी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावयाची, अर्ज करावयाचा, ठरेल तो मोबदला जमा करावयाचा. ही वाट प्रकाशकासाठी आहे; जुनी फाईल उघडू पाहणाऱ्या एकट्या माणसासाठी नाही. शिवाय पूर्वी हे अर्ज ऐकणारे खास मंडळ २०२१ मध्ये रद्द होऊन ते काम न्यायालयांकडे गेले आहे. आणि पेजमेकरसारख्या, मालक माहीत असलेल्या वस्तूला तर ‘मालक सापडत नाही’ हे कलम लागूच पडत नाही.

इतरांनी काय केले

परदेशांत या प्रश्नाचा विचार अधिक झालेला दिसतो, तरी तोही अर्धवटच. अमेरिकेत डिजिटल कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध असल्याने दर तीन वर्षांनी त्यातून सवलती दिल्या जातात. २००३ मध्ये कालबाह्य माध्यमांवरील सॉफ्टवेअर आणि बिघडलेली कालबाह्य डोंगले यांना सवलत मिळाली, २०१८ मध्ये ग्रंथालयांना व संग्रहालयांना जतनासाठी ती विस्तृत झाली. परंतु जुने संगणकीय खेळ संशोधकांना घरबसल्या पाहू द्यावेत ही मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील खेळ-इतिहासाच्या एका प्रतिष्ठानने २०२३ च्या पाहणीत दाखवून दिले होते, तरीही! युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात ‘व्यापारातून बाहेर गेलेली कृती’ असा एक वर्ग मान्य केला. अशा कृती ग्रंथालये व संग्रहालये विनाव्यापार उपलब्ध करू शकतात, आणि मालकाला आपली कृती त्यातून केव्हाही वगळून घेता येते. त्यात आज्ञावलींचाही समावेश आहे. अधिकार मालकाकडेच राहतो, पण ‘नको’ म्हणण्याचे कष्ट त्याने घ्यावयाचे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

आक्षेप आणि उपाय

या विचाराविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जुनी वस्तू मालक पुन्हा बाजारात आणू शकतो. जुने खेळ नव्या रूपात पुन्हा विकले गेले आहेत, हे खरेच. पण त्यासाठी मालकाने पुढे यावे. तो येताच सवलत थांबावी. दुसरा आक्षेप असा की, जुनी आवृत्ती फुकट मिळाली तर नवी कोण घेणार? ज्याला नवी परवडते आणि नव्या संगणकावर काम करावयाचे आहे, तो जुन्यावर समाधान मानणार नाही; आणि तसे झालेच तर ती नव्या आवृत्तीवरील टीका समजावी. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘सोडून दिलेले’ या नावाखाली चालू मालाची चोरी होईल. म्हणूनच सवलतीच्या अटी काटेकोर हव्यात.

त्या अटी ढोबळ मानाने अशा असाव्यात. ज्या सॉफ्टवेअरची विक्री व मदत थांबून दहा वर्षे लोटली, त्याचा स्वतःच्या फायली उघडण्यासाठी, अध्यापनासाठी आणि संशोधनासाठी केलेला बिगरव्यापारी वापर गुन्हा मानू नये. मालकाने जाहीर सूचना देऊन विक्री पुन्हा सुरू केली तर ही सवलत त्या दिवसापासून संपावी, मागील वापराला शिक्षा नसावी. ग्रंथालयांना पुस्तकाच्या बाबतीत जी मोकळीक आहे ती आज्ञावलींनाही लागू करावी. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचते; निदान भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरसाठी आणि टंकांसाठी तसा एक ठेवा असावा. आणि शासनाने व विद्यापीठांनी सॉफ्टवेअर विकत घेताना, कंपनी बंद पडल्यास मूळ संहिता ग्राहकाला मिळेल अशी अट करारातच घालावी. यासाठी तर कायदा बदलण्याचीही गरज नाही.

तोवर काय करावे? कायदा बदलेपर्यंत तो पाळला पाहिजे, आणि पाळूनही पुष्कळ करता येते. ज्या संस्थांकडे जुन्या सॉफ्टवेअरच्या मूळ चकत्या आणि पावत्या आहेत त्यांनी त्यांच्या नकला काढून ठेवाव्यात. ज्या फायली आज उघडतात त्या आजच युनिकोडमध्ये आणाव्यात. उद्यावर ढकलू नये. जुन्या स्वरूपाची फाईल वाचू शकणारे नवे, स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी आवश्यक तेवढा अभ्यास वैध प्रतीच्या धारकाला आपला कायदा करू देतो, ही फार मोलाची तरतूद आहे. लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडण्याचा प्रयत्न करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टंकांच्या रूपांतराचे काम मागे उरते, पण ते मराठी माणसानेच करावयाचे आहे. कॅलिफोर्नियातून कोणी ते करून देणार नाही. आणि जेथे मालक माहीत आहे, तेथे साहित्य संस्थांनी व प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून त्याच्याकडे लेखी परवानगी मागावी. एकट्याच्या पत्राला उत्तर येत नाही. शंभर सह्यांच्या पत्राला येण्याची शक्यता असते.

सोडून दिलेले सॉफ्टवेअर फुकट वापरणे आज बेकायदा आहे, हे विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने संपत नाही. नुकसान कोणाचे, असे त्याने विचारले होते. मालकाचे होत नाही. ते होते त्या पुस्तकाचे, जे पुन्हा छापले जात नाही, आणि त्या वाचकाचे, ज्याला ते मिळत नाही. त्या दोघांची बाजू मांडणारा वकील मात्र कायद्याच्या दालनात अद्याप उभा राहिलेला नाही.